सहा फेऱ्या बाकी होत्या

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी चिलीच्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या सान्तियागोतल्या मुख्यालयात क्लबांचे अध्यक्ष जमले आणि देशाच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा हंगाम आहे तिथेच संपवायचा ठराव त्यांनी केला. १६ संघांची, ३० फेऱ्यांची ही स्पर्धा. २४ फेऱ्यांचा हिशेब धरून युनिव्हर्सिदाद कातोलिका या क्लबला विजेता ठरवलं गेलं. दुसऱ्या क्रमांकावरच्या कोलो-कोलोपेक्षा कातोलिकाचे १३ गुण जास्त होते आणि उरलेल्या सहा फेऱ्यांत मिळू शकणारे गुण होते १८. म्हणजे कागदावर चुरस शिल्लक होती. तळाच्या संघांनाही त्या दिवशी हायसं वाटलं असणार, कारण कुणालाच खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही असंही ठरलं. बाहेरच्या जगात याची बातमी एका ओळीत गेली: दंगलींमुळे चिलीतला फुटबॉल हंगाम गुंडाळला. ही ओळ खोटी नाही, पण तिच्यात दिलेलं कारण पुरेसं नाही. चिलीने याहून कितीतरी अधिक रक्तपात पाहिला आहे, आणि तेव्हा तिथला हंगाम असा गुंडाळला गेला नव्हता. १९७३ साली लष्कराने सरकार उलथवलं, राष्ट्राध्यक्षांचा अंत झाला, देशातल्या सर्वांत मोठ्या स्टेडियमचा तुरुंग झाला. तरी त्या वर्षी लीग पार पडली आणि तिचा विजेताही रीतसर ठरला. हंगाम पुरा होणं किंवा न होणं हे हिंसाचाराच्या मापावर अवलंबून नसतं, असं माझं म्हणणं आहे. खेळणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत उरली आहे, यावर ते अवलंबून असतं. २०१९ च्या हंगामाचा इतिहास त्या अंगाने वाचायला हवा.

सुरुवात फुटबॉलपासून फार दूर झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सान्तियागो मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ८०० पेसोंवरून ८३० झालं. शाळकरी मुलांचं भाडं वाढलं नव्हतं, पण फाटकांवरून उड्या मारून फुकट आत शिरायला सुरुवात केली ती त्यांनीच. आठवडाभरात त्याचं रोजचं आंदोलन झालं, पोलीस स्थानकांत उतरले, आणि १८ ऑक्टोबरच्या शुक्रवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या लाखो माणसांना अख्खी मेट्रो बंद सापडली. त्या रात्री स्थानकं जळू लागली. मेट्रोच्या १३६ स्थानकांपैकी शंभराहून अधिक स्थानकांची नासधूस झाली. राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा यांनी त्याच महिन्यात आपला देश म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या गोंधळातलं ओअॅसिस असल्याचं सांगितलं होतं. आता त्यांनी आणीबाणी जाहीर केली, सैन्य रस्त्यावर आणलं, संचारबंदी लावली. पुढे दोनच दिवसांत, आपण एका बलाढ्य शत्रूशी युद्धात आहोत असं ते बोलून गेले. सान्तियागोची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या जनरल हाविएर इतुर्रियागा यांनी दुसऱ्या दिवशी, आपलं कुणाशीच युद्ध नाही, असं सांगून टाकलं. सेनापतीने राष्ट्राध्यक्षांची अशी दुरुस्ती करावी हे १९७३ नंतरच्या चिलीत विशेषच म्हणायचं. भाडेवाढ मागे घेतली गेली, पण तोवर प्रश्न भाड्याचा राहिला नव्हता. प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे, अशी घोषणा भिंतीभिंतींवर उमटली होती. लष्करी हुकूमशहा पिनोशे गेल्यानंतरच्या तीस वर्षांत निवृत्तिवेतन, शिक्षण, औषधपाणी, इतकंच काय पिण्याचं पाणीसुद्धा खाजगी कंपन्यांच्या हाती राहिलं, हा तिचा अर्थ. २५ ऑक्टोबरला दहा लाखांहून अधिक लोक सान्तियागोच्या प्लासा बाकेदानो चौकात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर जमले. देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या आत आहे हे लक्षात घेतलं की त्या गर्दीचा अंदाज येतो.

फुटबॉलचे सामने १८ ऑक्टोबरनंतरच्या शनिवार-रविवारपासूनच थांबले होते. संचारबंदीत सामने होणार कसे? तेव्हा हा खंड तात्पुरताच वाटत होता. पण मैदानं ओस पडली तरी मैदानातली माणसं चौकात दिसत होती. कोलो-कोलोची गार्रा ब्लांका, युनिव्हर्सिदाद दे चिलीची लोस दे अबाहो आणि कातोलिकाची लोस क्रुसादोस ही तीन नावं एरवी चिलीत एकत्र उच्चारली जातात ती पोलिसांच्या बंदोबस्ताच्या संदर्भात. हे कट्टर समर्थकांचे गट. तिथे त्यांना ‘बार्रा’ म्हणतात. एकमेकांचे झेंडे पळवणं, परक्या वस्तीत मारामाऱ्या करणं, चाकू-बंदुकांपर्यंत मजल जाणं हे सगळं त्यांच्या खात्यावर जमा आहे. ऑक्टोबरमध्ये मात्र तिन्ही क्लबांचे झेंडे एकाच चौकात, एकाच बाजूला उभे राहिले. त्या चौकात जनरल बाकेदानो यांचा अश्वारूढ पुतळा होता. २५ तारखेच्या मोर्चात त्यावर चढलेल्या माणसांचं आणि सर्वांत वर फडकणाऱ्या मापुचे आदिवासींच्या झेंड्याचं छायाचित्र जगभर गेलं. चिलीतला सर्वांत लोकप्रिय क्लब मापुचेंच्याच एका सरदाराचं, कोलो-कोलोचं, नाव लावतो आणि त्याचा चेहरा आपल्या बोधचिन्हात मिरवतो. त्यामुळे क्लबचा झेंडा आणि मापुचेंचा झेंडा शेजारी फडकले यात अनेकांना नवल वाटलं नाही. या समर्थकांना घोषणा कशा द्यायच्या, अश्रुधुरात कसं टिकायचं, पोलिसांची घोडदळं आणि पाण्याचे फवारे कसे चुकवायचे याचा सराव होता. तो सराव त्यांना स्टेडियमच्या दारातच मिळाला होता, आणि दिलाही होता त्याच पोलीस दलाने, काराबिनेरोसने.

तो संबंध नुसत्या मारामारीचा नव्हता. चिलीतले क्लब पूर्वी सभासदांच्या संस्था होत्या. २००२ साली कोलो-कोलो दिवाळखोरीत गेला. २००५ मध्ये क्रीडा क्लबांच्या कंपन्या करण्याचा कायदा झाला, आणि ‘ब्लांको इ नेग्रो’ या शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीने कोलो-कोलोचा कारभार हाती घेतला. दोनेक वर्षांत युनिव्हर्सिदाद दे चिली ‘आसुल आसुल’ कंपनीकडे गेला, त्यानंतर कातोलिकाचा कारभार ‘क्रुसादोस’ कंपनीकडे. ब्लांको इ नेग्रोचे शेअर ज्या मोठ्या गुंतवणूकदारांनी घेतले त्यात स्वतः पिन्येरा होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ते विकले. गंमत म्हणजे मनाने ते कातोलिकाचे चाहते. पेन्शन, पाणी, विद्यापीठाची फी यांबद्दल चौकात जी तक्रार चालू होती, तीच तक्रार गॅलरीत बसणारा माणूस गेली दहा-पंधरा वर्षं आपल्या क्लबबद्दल करत होता: जे आपलं होतं ते विकलं गेलं, आणि विकताना आपल्याला कुणी विचारलं नाही. पिन्येरांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०११ मध्ये, ‘सुरक्षित स्टेडियम’ नावाची योजना आली. ढोल, मोठे झेंडे, कापडी फलक यांच्यावर बंधनं आली, तिकिटासाठी ओळखपत्रं सक्तीची झाली, सामन्याला परवानगी द्यायची की नाही हे प्रांताधिकारी पोलिसांच्या सल्ल्याने ठरवू लागला. एवढं होऊन मारामाऱ्या बंद झाल्या नाहीत. दुसरीकडे फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष सेर्हिओ हादुए फिफाच्या लाचखोरी प्रकरणात सापडला आणि २०१५ मध्ये देश सोडून अमेरिकेला निघून गेला. तेव्हा २०१९ च्या वसंतात (दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वसंत) चिलीच्या फुटबॉलमध्ये ज्याच्या शब्दाला वजन असेल असं वरच्या बाजूला कुणी उरलेलं नव्हतं.

नकाराची पुढची पायरी मात्र गॅलरीतून आली नाही, ती आली राष्ट्रीय संघातून. २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ दोन कोपा अमेरिका जिंकणारी ही पिढी; क्लाउडिओ ब्राव्हो, गॅरी मेदेल, आर्तुरो विदाल ही नावं चिलीत घरोघरी ठाऊक. १९ नोव्हेंबरला लिमामध्ये पेरूविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठरलेला होता. खेळाडू शिबिरात जमले, त्यांनी आपसांत चर्चा केली आणि १३ नोव्हेंबरला खेळायचं नाही असा निर्णय जाहीर केला. देशात मंगळवारच्या सामन्याहून महत्त्वाचं काहीतरी चालू आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ब्राव्होने तर आंदोलनाच्या पहिल्याच दिवसांत पाणी, वीज, औषध, निवृत्तिवेतन सगळं खाजगी हातांत गेल्याबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. यातले बहुतेक जण परदेशांत खेळणारे, श्रीमंत. सान्तियागोच्या रस्त्यावरच्या दगडाची त्यांना भीती नव्हती आणि सामना तर दुसऱ्या देशात होता. सुरक्षेचं कारण इथे लागूच होत नाही. त्याच सुमाराला दक्षिण अमेरिकन महासंघाने कोपा लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममधून लिमाला हलवला. तिथे फ्लामेंगोने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून रिव्हर प्लेटच्या हातून चषक काढून घेतला. आशिया-प्रशांत देशांची शिखर परिषद आणि हवामान परिषद ही दोन्ही मोठी संमेलनं सरकारने स्वतःच आधी रद्द केली होती. म्हणजे महासंघ गेला, पाहुणी राष्ट्रं गेली. ज्यांना जाणं शक्य होतं ते सगळे गेले. उरली ती देशातली लीग.

ती पुन्हा सुरू करण्याचा एकच गंभीर प्रयत्न झाला. १५ नोव्हेंबरच्या पहाटे संसदेतल्या बहुतेक पक्षांनी नव्या संविधानासाठी सार्वमत घेण्याचा करार केला होता. पोलिसांनी रबरी म्हणून वापरलेल्या छर्ऱ्यांनी शेकडो माणसांचे डोळे जायबंदी झाले होते. त्या छर्ऱ्यांमध्ये रबर थोडं आणि कठीण द्रव्यंच जास्त असल्याचं एका विद्यापीठाच्या तपासणीत निघालं, तेव्हा १९ तारखेला पोलीसप्रमुखांनी त्यांचा वापर थांबवला. वातावरण निवळतंय असं वाटून २२ नोव्हेंबरच्या शुक्रवारी २५ वी फेरी सुरू करण्यात आली. पहिला सामना उनियन ला कालेरा आणि देपोर्तेस इकिके यांचा, सान्तियागोच्या ला फ्लोरिदा उपनगरातल्या स्टेडियममध्ये. दोन्ही संघ राजधानीबाहेरचे, मोठा चाहतावर्ग नसलेले. कमीत कमी गर्दीचा, कमीत कमी धोक्याचा सामना निवडला होता हे उघड दिसतं. (ला कालेरा हा एकेकाळी त्या परागंदा हादुए यांचाच क्लब, हा निव्वळ योगायोग.) उत्तरार्ध चालू असताना गार्रा ब्लांकाचा एक जमाव आत घुसला आणि मैदानावर उतरला. ज्या क्लबचा त्या सामन्याशी काडीमात्र संबंध नव्हता, त्याचे हे समर्थक. खेळाडू आत पळाले, पंचांनी सामना थांबवला, तो पुन्हा सुरू झाला नाही. रस्त्यांवर रक्त सांडत असेल तर मैदानावर फुटबॉल नको, ही घोषणा समर्थकांच्या गटांनी आधीच भिंतींवर आणि फलकांवर लिहिलेली होती. आता ती अमलात आली. त्या शनिवार-रविवारचे उरलेले सामने रद्द झाले. खेळाडूंच्या संघटनेने अशा परिस्थितीत आम्ही उतरणार नाही असं कळवलं, आणि आठवडाभरात क्लबांच्या अध्यक्षांनी हात वर केले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. मैदानात घुसून सामना बंद पाडणारा जमाव ही लोकशाही नव्हे, ती दांडगाई आहे. ला फ्लोरिदात धावत सुटलेल्या खेळाडूंना कुणी मत विचारलं नव्हतं. बार्रांच्या आत खंडणी, तिकिटांचा काळाबाजार, अमली पदार्थ आणि क्लबच्या संचालकांशी लागेबांधे असतात, हे दक्षिण अमेरिकेत उघड गुपित आहे. त्यांना एकाएकी जनतेचे शिलेदार ठरवणं हा भाबडेपणा होईल. हे सारं मान्य करूनही प्रश्न उरतो. या गटांनी चिलीतले सामने बंद पाडण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०१५ च्या डिसेंबरात वाल्पाराइसोमध्ये सान्तियागो वाँडरर्स आणि कोलो-कोलो यांचा सामना अशाच हाणामारीने सुरूच होऊ शकला नव्हता. तरी तो हंगाम संपला, कोलो-कोलोला अजिंक्यपदही मिळालं. दांडगाई सामना थांबवते. हंगाम थांबवायला ती एकटी पुरत नाही. २०१९ मध्ये दांडगाईच्या पुढे-मागे आणखी लोक उभे होते. राष्ट्रीय संघ आठवडाभर आधी नकार देऊन बसला होता, आणि त्यांच्यावर कुणीही धावून गेलेलं नव्हतं. एकट्या बार्रांनी हे केलं असतं तर क्लबांनी चार सामने प्रेक्षकांविना खेळवले असते, पोलीस वाढवले असते आणि डिसेंबरात चषक दिला असता. नेहमी तेच व्हायचं.

आता १९७३ कडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा कस तिथे लागतो. त्या वर्षाच्या पूर्वार्धात कोलो-कोलो कोपा लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, तिथवर जाणारा चिलीचा पहिला संघ. ११ सप्टेंबरला लष्कराने बंड केलं, राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अय्येंदे आपल्या प्रासादातच मरण पावले. दुसऱ्या दिवसापासून सान्तियागोचं राष्ट्रीय स्टेडियम, जिथे १९६२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता ते, छावणी झालं. हजारो माणसं तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये आणि बोळांत कोंडली गेली, कित्येकांचा छळ झाला, काहींना ठार मारलं गेलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चिलीचा संघ मॉस्कोत विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना खेळत होता. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. परतीचा सामना सान्तियागोत व्हायचा होता. फिफाचे दोन प्रतिनिधी ऑक्टोबरात स्टेडियम पाहून गेले आणि सामना घ्यायला हरकत नाही असा अहवाल त्यांनी दिला. त्यांना हिरवळ दाखवली गेली. कैदी तेव्हा त्याच इमारतीच्या आतल्या भागात होते. सोव्हिएत संघाने तिथे यायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला चिलीचे अकरा खेळाडू समोर कुणीही नसताना मैदानावर उतरले, चेंडू एकमेकांकडे ढकलत रिकाम्या अर्ध्यात गेले, आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देसने गोलरक्षक नसलेल्या गोलात तो टाकला. नियमाप्रमाणे चिली विजयी, विश्वचषकासाठी पात्र. जमलेल्या प्रेक्षकांसाठी त्यानंतर ब्राझीलच्या सान्तोस क्लबबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठेवला होता, त्यात चिलीने पाच गोल खाल्ले. देशातली लीगही पुरी झाली आणि उनियन एस्पान्योला विजेती ठरली.

त्या संघात कार्लोस कास्सेली होता, कोलो-कोलोचा लाडका आघाडीवीर, डाव्या विचारांचा म्हणून सर्वांना माहीत असलेला. १९७४ मध्ये विश्वचषकाला निघालेल्या संघाला पिनोशे भेटले तेव्हा त्याने हात पुढे केला नाही, ही गोष्ट चिलीत आजही सांगतात. त्याच्या आईला लष्कराने पकडून तिचा छळ केला होता. तिने ते जाहीरपणे सांगितलं १९८८ च्या सार्वमताच्या प्रचारात, टीव्हीवर, शेजारी मुलगा बसलेला असताना. पंधरा वर्षं लागली तेवढं बोलायला. आणि रिकाम्या गोलाकडे चेंडू नेण्याच्या त्या प्रयोगात कास्सेलीही होताच, कारण न उतरण्याची किंमत काय असेल हे त्याला आणि बाकीच्या दहांना ठाऊक होतं. हात न मिळवण्याइतका नकार १९७३-७४ मध्ये एखाद्याला परवडत होता. सामना न खेळण्याइतका कुणालाच परवडत नव्हता. वेळापत्रक बिनबोभाट पाळलं जावं ही लष्कराची गरज होती, कारण सारं सुरळीत आहे हे जगाला दाखवायला फुटबॉलइतकं सोपं साधन दुसरं नव्हतं. सरकारलाही २०१९ च्या नोव्हेंबरात नेमकं हेच हवं होतं, आणि लीग पुन्हा सुरू होण्याला जो राजकीय अर्थ चिकटला तो त्यामुळेच. ला फ्लोरिदाच्या सामन्याला विरोध करणाऱ्यांचा राग ला कालेरावर किंवा इकिकेवर नव्हताच. सारं पूर्ववत झालं आहे असं दाखवायला त्यांचा खेळ वापरला जाईल, या शक्यतेवर तो राग होता.

कुणी म्हणेल, दोन टोकांची तुलना करून काहीही सिद्ध करता येतं. हुकूमशाहीत सगळंच चालू राहतं. म्हणून त्याच वर्षीचं आणि शेजारचंच उदाहरण घेऊ. बोलिव्हियात २०१९ च्या ऑक्टोबरात निवडणुकीच्या निकालावरून रस्ते अडवले गेले, पोलिसांनी बंड केलं, १० नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी राजीनामा दिला आणि ते देश सोडून गेले. पाठोपाठच्या गोळीबारांत अनेक माणसं मेली. राजकीय उलथापालथ चिलीपेक्षा मोठी, कारण तिथे सत्ताच बदलली. बोलिव्हियाची लीगही थांबली, पण पुढे पुन्हा सुरू होऊन वर्ष संपायच्या आत पुरी झाली, आणि कोचाबाम्बाच्या होर्हे विल्स्टरमन क्लबने ती जिंकली. तिथल्या संघर्षात फुटबॉल हा वादाचा विषय नव्हता; रस्ते मोकळे झाले, बस धावू लागल्या, सामने सुरू झाले. चिलीत रस्ते बऱ्यापैकी मोकळे झाल्यावरही सामने सुरू होऊ शकले नाहीत. अडचण रस्त्यांची असती तर असं झालं नसतं.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. अध्यक्षांनी तत्त्वासाठी हंगाम सोडला असं समजण्याचं काहीच कारण नाही. युनिव्हर्सिदाद दे चिलीसारखा बडा क्लब त्या वर्षी तळाच्या घोळक्यात अडकला होता. पदावनती रद्द होणं ही त्याच्यासाठी पर्वणीच होती. मतदान करणारे ज्या तक्त्यावर मत देत होते, त्याच तक्त्यात ते स्वतः होते. हा आक्षेप मला बराचसा पटतो, पण हंगाम ज्या रीतीने मिटवला गेला तेवढ्याचाच तो खुलासा करतो. विजेता ठरवा पण घसरण कुणाची करू नका, हा तोडगा ज्याच्या-त्याच्या पदरात काहीतरी टाकणारा होता, लग्नात सगळ्या पाहुण्यांना आहेर मिळावा तसा. हंगाम थांबवणंच फायद्याचं असतं तर मात्र त्यांनी २२ नोव्हेंबरचा खटाटोप केला नसता. प्रक्षेपणाचे पैसे हा या क्लबांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा, आणि प्रक्षेपण सामन्यांचं होतं, ठरावांचं होत नाही. त्यांनी आधी खेळवून पाहिलं, ते जमेना, मग सोयीस्कर तोडगा काढला.

उरतो पोलिसांचा मुद्दा, तो सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत फसवा. बंदोबस्ताला माणसं नव्हती म्हणून सामने झाले नाहीत, बाकी सगळं कल्पनेचे खेळ, असं म्हणता येईल. माणसं खरंच कमी होती. महिनाभर रात्रंदिवस चौकांत उभं राहून दल थकलं होतं. पण काराबिनेरोस त्या वेळी बंदोबस्त ठेवणारा तिऱ्हाईत पक्ष राहिले नव्हते, वादाचा एक पक्ष झाले होते. आंदोलनाच्या काळात तीसहून अधिक माणसं दगावली, आणि राष्ट्रीय मानवाधिकार संस्थेच्या नोंदीनुसार चारशेहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. ज्याच्या मित्राचा डोळा गेला आहे त्याला स्टेडियमच्या फाटकावर झडती घ्यायला तोच गणवेश उभा असणार. संख्या वाढवून ही अडचण सुटत नाही, उलट वाढते. सामना म्हणजे नव्वद मिनिटांसाठी हजारो माणसांनी एका परक्याची शिट्टी मानायची असा करार असतो. पंचामागे पोलीस असतो, पोलिसामागे सरकार. त्या साखळीवरचा विश्वासच उडाला होता, आणि तो उडाल्याचं लोक उघडपणे दाखवू शकत होते. १९७३ मध्येही विश्वास नव्हता. तो दाखवण्याची सोय नव्हती.

कातोलिकाच्या बाबतीत या सगळ्यात अन्याय झाला का? गुस्ताव्हो किंतेरोस यांच्या मार्गदर्शनाखाली तो संघ वर्षभर सर्वांत चांगला खेळला होता. १४ वं अजिंक्यपद आणि सलग दुसरं, पण गोल नाही, जल्लोष नाही, बैठकीच्या इतिवृत्तातून मिळालेलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आणखी दोन विजेतेपदं मैदानावर जिंकून शंकेला जागा ठेवली नाही, तेव्हा इथे थांबायची गरज नाही.

नकाराने काय साधलं, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्याचं उत्तर माझ्या म्हणण्याला फारसं अनुकूल नाही. जानेवारी २०२० मध्ये तेमुको शहरात चिली चषकाचा अडकलेला अंतिम सामना खेळवला गेला. कोलो-कोलोने युनिव्हर्सिदाद दे चिलीला २-१ असं हरवलं. त्याच आठवड्यात नवी लीगही सुरू झाली. पोलीस तेच, संघटना तीच, क्लबांच्या कंपन्या त्याच. २८ जानेवारीला कोलो-कोलोच्या सामन्यानंतर स्टेडियमबाहेर पोलिसांच्या वाहनाखाली सापडून एक समर्थक ठार झाला आणि पुन्हा काही दिवस जाळपोळ, पुन्हा बंद पडलेले सामने. तरी या खेपेला हंगाम रद्द झाला नाही. मार्चमध्ये त्याला थांबवलं ते करोनाने. नोव्हेंबरात जो नकार सर्व बाजूंनी एकवटला होता तो जानेवारीत फक्त गॅलरीपुरता उरला होता. राष्ट्रीय संघ गप्प होता, खेळाडूंना पगार हवे होते, आणि सार्वमताची तारीख ठरल्यामुळे बऱ्याच लोकांची आशा चौकातून मतपेटीकडे सरकली होती. एकट्या दांडगाईने हंगाम थांबत नाही, याचा याहून ताजा पुरावा सापडणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ७८ टक्के मतदारांनी नवं संविधान लिहायला कौल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये लिहून झालेला मसुदा ६२ टक्क्यांनी फेटाळला. क्लब कंपन्यांकडेच राहिले.

लीगच्या आकड्यांत मात्र तो नोव्हेंबर बराच काळ दिसत राहिला. कुणी खाली गेलं नाही आणि दुसऱ्या श्रेणीतून वाँडरर्स व ला सेरेना हे दोन संघ वर आले, त्यामुळे २०२० मध्ये १६ च्या जागी १८ संघ झाले. गर्दी कमी करायला त्या वर्षी तीन संघांना खाली पाठवायचं ठरलं. तिसरा कोण हे ठरवणाऱ्या सामन्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये ताल्काच्या रिकाम्या स्टेडियममध्ये खुद्द कोलो-कोलोला, आपल्या इतिहासात एकदाही खाली न गेलेल्या क्लबला, उतरावं लागलं. त्यांना वाचवायला आणलेला प्रशिक्षक होता किंतेरोस, २०१९ ला ज्याने कातोलिकाला बैठकीतलं अजिंक्यपद मिळवून दिलं तोच. कोलो-कोलोने युनिव्हर्सिदाद दे कोन्सेप्सिओनला एका गोलाने हरवलं आणि ते वाचले. २०२१ मध्ये लीगमध्ये १७ संघ होते, म्हणजे प्रत्येक फेरीत एकाला घरी बसावं लागे. १६ चा आकडा परत आला तो २०२२ च्या हंगामात.